एमबीएची मुलं गावात येतात तेव्हा: वजनकाटा, तुरीची डाळ आणि आठ आठवडे

व्यवस्थापन संस्थेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि शेतकऱ्याचंही जूनमध्येच. मुलांना सलग मोकळे दिवस मिळतात ते पहिलं वर्ष संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये, साधारण आठ आठवडे. त्या दिवसांत विदर्भात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, वावरं नांगरून तापत पडलेली असतात, सोयाबीन विकून सहा महिने झालेले असतात. अशा वेळी 'सोयाबीन उत्पादकांच्या विक्रीतील अडचणी' असा विषय घेऊन चार मुलं यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या सेवाभावी संस्थेत उतरतात. बघायला ना पीक, ना थ्रेशर, ना बाजार समितीतली गाड्यांची रांग. मग हातात एकच काम उरतं: लोकांना गेल्या ऑक्टोबरातलं आठवायला लावायचं आणि ते प्रश्नावलीत भरायचं. दोष मुलांचा नसतो. विषय ठरवताना हंगामाकडे कोणी पाहिलेलंच नसतं.

म्हणून व्यवस्थापन संस्था आणि गावातली सेवाभावी संस्था यांच्या भागीदारीचा पहिला कागद करारनाम्याचा नसावा, दिनदर्शिकेचा असावा. एका बाजूला महाविद्यालयाच्या परीक्षा आणि सुट्या, दुसऱ्या बाजूला गावातली कामं. एप्रिल-मेत विदर्भात करण्यासारखं पुष्कळ आहे. तुरीची डाळ करण्याचा हंगाम भरात असतो, कारण वाळवण झटपट होते. ३१ मार्चला हिशेबाचं वर्ष संपलेलं असतं, त्यामुळे शेतकरी उत्पादक कंपनीच्या नोंदवह्या तपासायला हीच वेळ. खरिपासाठी कोणत्या गावातून किती बियाणं आणि किती खत लागेल याचा अंदाज बांधायचा असतो आणि तो चुकला तर जुलैत गोदामात न विकलेल्या पिशव्या पडून राहतात. पूर्वेकडे गडचिरोली-गोंदियात मोहफूल संपत आलेलं असतं आणि तेंदूपत्त्याची (विडीच्या पानांची) तोडणी सुरू होते. सोयाबीनचाच अभ्यास करायचा असेल तर दुसरी छोटी तुकडी ऑक्टोबरात सोंगणीच्या वेळी दहा दिवस पाठवावी. आर्द्रता मोजण्याचं यंत्र हातात घेऊन ती काट्यापाशी उभी राहिली, तरी १२ टक्क्यांच्या वर किती ओला माल येतो आणि त्यापायी भाव किती तुटतो, हे डोळ्यांसमोर दिसतं. पोळ्याच्या आसपास, निंदण-डवरणी आटोपल्यावर, लोकांना बोलायला थोडी सवड असते. जून-जुलैत मात्र कोणाच्या दारी जाऊ नये.

हिशेब शिकलेल्यांनी गावात जाऊन काम करण्याची कल्पना विदर्भाला नवी नाही. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला, त्याची जबाबदारी जे. सी. कुमारप्पांकडे होती. कुमारप्पा लंडनला लेखापालन शिकले होते, अमेरिकेत सिराक्यूजला व्यवसाय प्रशासन आणि कोलंबियात सार्वजनिक वित्त. वर्ध्याला येण्याआधी त्यांनी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची घरोघर पाहणी केली होती. पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणी समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. हिशेब शिकलेला माणूस आणि गाव यांची गाठ घालून द्यायची, तर मोजणी नीट हवी, एवढं तरी त्यांच्याकडून घ्यावं.

प्रश्न कोणाचा

सगळ्यात जास्त वाया जातं ते इथे. प्राध्यापक विषय ठरवतात, सेवाभावी संस्था 'या, स्वागत आहे' म्हणते आणि आठ आठवड्यांनी दोन्हीकडे फोटो उरतात. प्रश्न गावातल्या संस्थेने विचारायला हवा आणि तो एका पानात मावायला हवा. त्या पानावर पाच गोष्टी याव्यात: प्रश्न काय, उत्तर मिळाल्यावर कोणता निर्णय घ्यायचा आहे, तो कोण घेणार, कधीपर्यंत, आणि या विषयावरच्या कोणत्या नोंदी संस्थेकडे आधीपासून आहेत. दुसऱ्या मुद्द्यापाशी पेन अडलं तर समजावं की प्रश्न अजून तयार नाही.

'महिलांचं सक्षमीकरण कसं करावं' हा प्रश्न नव्हे. 'बचत गटाच्या डाळमिलने यंदा तूर विकत घेऊन डाळ विकावी, की लोकांची तूर मजुरीवर भरडून द्यावी' हा प्रश्न आहे. 'आमचं मार्केटिंग सुधारा' यापेक्षा 'तालुक्याच्या गावातल्या ३०० घरांना वर्षाची डाळ आगाऊ मागणी घेऊन पोहोचवता येईल का' हे विचारावं. उत्तर 'नाही' आलं तरी संस्थेचे पैसे वाचतात.

वेळेचा हिशेबही सुरुवातीलाच करावा. प्रात्यक्षिकाचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. २ क्रेडिटचा क्षेत्र प्रकल्प म्हणजे ६० तास, त्यात जाणं-येणं आणि अहवाल लिहिणंही आलं. एवढ्यात एका उत्पादनाचा खर्च काढता येतो, 'व्यवसाय आराखडा' होत नाही. आठ आठवडे, आठवड्याला ६ दिवस, रोज ७ तास धरले तर ३३६ तास होतात. ते एका निर्णयाला पुरतात, दोन प्रश्न घेतले की दोन्ही अर्धे राहतात.

कामाला गुण हवेत, हेही तितकंच महत्त्वाचं. आणंदच्या इर्मा या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेत गावात राहून काम करणं अभ्यासक्रमातच आहे. मुंबईच्या एसपीजेआयएमआर या व्यवस्थापन संस्थेतही विद्यार्थ्यांना सेवाभावी संस्थेत ठरावीक आठवडे काम करावं लागतं. नागपूरला २०१५ पासून आयआयएम आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत एमबीएची महाविद्यालयं आहेत, तेव्हा विदर्भातल्या संस्थांना लांब बघायची गरज नाही. पण जिथे हे काम 'उपक्रम' म्हणून गुणांशिवाय चालतं, तिथे नोकरीच्या मुलाखती लागल्या की मुलं निघून जातात. त्यांनी तसं करू नये अशी अपेक्षा धरणं बरोबर नाही. गुणांपैकी निदान तिसरा हिस्सा गावातल्या संस्थेच्या हाती द्यावा.

एक क्विंटल तूर, कागदावर आणि काट्यावर

डाळीचं उदाहरण जवळून पाहू, कारण विदर्भातल्या कितीतरी गटांकडे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळमिल आहे आणि त्यातल्या अनेक मिली वर्षातले बरेच महिने बंद असतात.

तूर आधी चाळतात, दाणा लहान-मोठा वेगळा करतात. मग रोलरमधून एकदा काढून टरफलाला ओरखडे पाडतात. थोडं तेल चोळून ढीग रात्रभर झाकून ठेवतात, दोन-तीन दिवस उन्हात पसरतात, पाण्याचा हलका हात देतात आणि पुन्हा रोलरवर घेतात. दाणा एकसारखा नसेल तर मोठ्याला घासलं जातं आणि बारीक तसाच सुटतो. वाळवण अर्धवट झाली तर टरफल चिकटून राहतं, मग पुन्हा पास द्यावा लागतो आणि प्रत्येक जादा पासागणिक डाळीची चुनी, म्हणजे तुकडे आणि भुगा, होते. नफा-तोटा इथे ठरतो. पाकिटाच्या रंगावर चर्चा करायला मुलांनी इथे दोन दिवस उभं राहून मगच बसावं.

पहिलं काम म्हणजे वजन. तीन वेगवेगळे घाणे घ्यावेत आणि प्रत्येकाची आत जाणारी तूर, चाळणीतला कचरा, डाळ, चुनी आणि टरफल वेगवेगळं तोलावं. सगळ्यांची बेरीज आत गेलेल्या तुरीच्या जवळ यायला हवी. उडालेली धूळ आणि कमी झालेला ओलावा मिळून दोन-तीन किलो समजू शकतो, त्याहून जास्त गेलं तर आधी काटा तपासावा. यंत्राच्या माहितीपत्रकातला उतारा (क्विंटल तुरीतून किती डाळ निघते तो आकडा) हिशेबात धरू नये, आपल्या काट्यावर आला तोच धरावा.

आता हिशेब. आकडे समजायला घेतले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. तूर ७,५०० रुपये क्विंटल. हमाली आणि मिलपर्यंत आणणं १५०. चाळणी, तेल, वीज, भरडाई, वाळवणीची मजुरी ४५०. १ किलोची पाकिटं ४ रुपयांप्रमाणे ७० नग, २८०. शहरात पोहोचवणं किलोला ३ रुपये, २१०. झाले ८,५९०. डाळ ७० किलो, चुनी १५ किलो (२५ रुपये दराने ३७५), टरफल १० किलो (८ रुपये दराने ८०), बाकी ५ किलो कचरा आणि घट. चुनी-टरफलाचे ४५५ वजा केले की ८,१३५ उरतात, म्हणजे डाळ किलोला ११६ रुपयांना पडली. बहुतेक अहवाल इथे थांबतात आणि १३० ला विकली तर १४ रुपये नफा असं लिहितात.

यात तीन गोष्टी सुटलेल्या असतात. पहिली, पैसा किती दिवस अडकला. जानेवारीत घेतलेली तूर डाळ होऊन सप्टेंबरपर्यंत थोडी थोडी विकली, सरासरी ४ महिने धरले आणि गटाला कर्ज १२ टक्क्यांनी पडत असेल, तर क्विंटलमागे ३०० रुपये व्याज. डाळ आता १२०.५० ला पडते. दुसरी गोष्ट उतारा. ७० ऐवजी ६६ किलोच डाळ मिळाली आणि ते ४ किलो चुनीत गेले, तर किंमत साधारण १२६ वर जाते. चार किलोच्या फरकाने किलोमागे साडेपाच रुपये गेले.

तिसरी गोष्ट विक्रीची जागा. दुकानदार १३० च्या छापील किमतीवर १२ टक्के घेतो, गटाच्या हाती ११४.४० येतात. किलोला सहा रुपये तोटा, तोही उधारी वसूल झाली तर. प्रदर्शनात स्वतः विकलं तर? स्टॉल मोफत मिळाला तरी दोन बायांची तीन दिवसांची मजुरी रोज ४०० ने २,४००, जाणं-येणं, सामान आणि जेवण मिळून १,५००. तीन दिवसांत २०० किलो डाळ गेली तर किलोमागे १९.५० खर्च. प्रदर्शनातून गट हसतमुखाने परततो, गल्ल्यात नोटाही असतात, पण त्यातला तोटा दिसत नाही, कारण बायांनी स्वतःची मजुरी धरलेलीच नसते. ही मजुरी हिशेबात लिहायला लावणं, एवढं एक काम मुलांनी केलं तरी आठ आठवडे सार्थकी लागले.

आता वर्षाच्या धान्याची रीत पाहा. विदर्भातल्या शहरांत अजूनही पुष्कळ घरी उन्हाळ्यात वर्षाचा गहू आणि डाळ भरतात. मार्च-एप्रिलमध्ये आगाऊ मागणी घेऊन १० किलोच्या पिशवीत डाळ दिली तर पाकिटाचा खर्च २८० वरून ७० वर येतो आणि पैसा महिनाभरच अडकतो, म्हणजे व्याज ७५. एकूण ८,४५५, चुनी-टरफल वजा जाता ८,०००. डाळ ११४ ला पडली. १२२ ने घरपोच दिली तर गटाला किलोमागे पावणेआठ रुपये उरतात आणि गिऱ्हाइकालाही स्वस्त पडते. हे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, ते शहरातल्या पन्नास घरांत जाऊन 'वहिनी, डाळ कधी भरता, किती भरता' हे विचारल्यावरच मिळतं. शहरातून आलेल्या मुलांचा उपयोग इथे खरा होतो, कारण ती घरं त्यांच्या ओळखीची असतात.

ब्रँड करायचाच असेल तर एक गोष्ट आधी मांडावी. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधून लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. मालाच्या विक्रीसाठी नोंदणीची मर्यादा ४० लाखांची असल्याने छोट्या गटाला हे लगेच लागू होत नाही, पण उत्पादक कंपनी ती मर्यादा ओलांडते तेव्हा किलोमागे सहा रुपये एकदम वाढतात.

नोंदवही आणि वऱ्हाडी

संस्थेत आल्यावर पहिले तीन दिवस गावात जाऊ नये, कार्यालयात बसावं. रोजमेळ, खतावणी, साठा नोंदवही, सभेचं इतिवृत्त, गटांची बचत-कर्जाची पुस्तकं हे सगळं वाचावं. निम्मी माहिती तिथे असते आणि ती लोकांना पुन्हा विचारणं हा त्यांचा वेळ घेणं आहे. रोजमेळ आणि साठा नोंदवही एकमेकांशी जुळत नसतील तर तोच पहिला शोध.

गावातली प्रश्नावली जास्तीत जास्त २० मिनिटांची असावी आणि आधी पाच घरी करून पाहावी. 'तुमचं उत्पन्न किती?' असं विचारलं की एक माणूस पोती सांगतो, दुसरा रुपये, तिसरा खर्च वजा जाता उरलेले पैसे. 'किती चुंगड्या (पोती) झाल्या, भाऊ?' असं विचारावं आणि एक चुंगडी किती किलोची भरली हे वेगळं विचारावं. दर एकरी आकडा काढताना कपाशीत तुरीचे तास, म्हणजे ओळी, असतात हे विसरू नये. आठ तास कपाशी आणि दोन तास तूर असलेल्या पाच एकरांत तूर पाच एकर लिहिली तर तिचा उतारा हास्यास्पद वाटेल इतका कमी येतो, आणि मुलं शेतकऱ्याला सल्ले द्यायला लागतात. मक्त्याने (भाडेपट्ट्याने) केलेलं वावर सातबारावर दिसत नाही, तेही विचारावं लागतं. गडचिरोलीच्या दक्षिणेला माडिया-गोंडी बोलणारा स्थानिक सोबती नसेल तर काम सुरूच करू नये आणि त्या सोबत्याला रोजंदारी द्यावी.

बायांशी बोलायचं तर सायंकाळी सातनंतर. दुपारी दार उघडं दिसतं, पण घरात म्हातारी माणसं असतात. नवरा शेजारी बसला असेल तर कर्जाबद्दलची उत्तरं बदलतात, म्हणून मुलगी-मुलगा अशी जोडी पाठवावी, एक इथे बसेल, एक अंगणात.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. विदर्भ म्हटलं की बाहेरच्या विद्यार्थ्याला शेतकरी आत्महत्येचा विषय घ्यावासा वाटतो. ज्या घरातला माणूस गेला आहे, तिथे कर्जाचा आकडा विचारायला आठ आठवड्यांच्या प्रकल्पाने जाऊ नये. त्या बाईने हे सगळं तलाठी, पोलीस, बँक, पत्रकार यांना सांगून झालेलं असतं. त्या घरासाठी काही करायचं असेल तर वारसनोंद, विमा, पेन्शन यांतला कोणता कागद अडला आहे ते संस्थेकडून समजून घ्यावं आणि तो कागद पुढे सरकवावा.

आधार क्रमांक, सातबाराचे फोटो, बँक पासबुक मुलांच्या खासगी फोनवर राहू नयेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण तो नसता तरी हे चुकीचंच होतं. घरांना क्रमांक द्यावेत आणि नावांची यादी संस्थेच्या कपाटात ठेवावी.

तेंदूपत्ता: वित्त शिकलेल्यांसाठी

वनहक्क कायदा २००६ चा. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभा स्वतः तेंदूपत्ता विकू लागल्या. ७० पानांचं पुडकं, हजार पुडक्यांची प्रमाण गोणी. मजूर पहाटे जंगलात जातात, दुपारी घरी पुडकी बांधतात, सायंकाळी फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, मोजून देतात. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, व्यवहार मोठ्या रकमांचा.

इथे फसगत ठरलेल्या जागी होते. कंत्राटदार चढा दर बोलून लिलाव घेतो, थोडी आगाऊ रक्कम देतो, माल गोदामातून उचलतो आणि उरलेले पैसे लांबवतो. वित्त शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा धोका लगेच समजतो. करारात अनामत किती, हप्ते कधी, आणि हप्ता जमा झाल्याशिवाय वाहतूक परवाना नाही, हे तीन मुद्दे घट्ट बसवायचे. फळीवरची नोंद रोज रात्री दोन वह्यांत व्हावी, एक ग्रामसभेकडे, एक कंत्राटदाराच्या मुनशीकडे, आणि दोन्हींवर सह्या असाव्यात. असा कराराचा नमुना आणि वसुलीचा तक्ता ग्रामसभांच्या एका फेडरेशनला करून दिला तर तो पुढच्या मेमध्येही वापरला जातो. पण दर ठरवायला विद्यार्थ्यांनी बसू नये, तो ग्रामसभेचा अधिकार आहे.

खर्च आणि कायदा

'मुलं फुकट काम करतात' ही समजूत संस्थेला महागात पडते. चार मुलं ५६ दिवस राहणार, राहणं-जेवण माणशी रोज २५० धरलं तर ५६,०००. दोन दुचाकी, रोज प्रत्येकी ५० किलोमीटर, ४८ दिवस, किलोमीटरला ३ रुपये, १४,४००. महिना १८,००० पगार असलेल्या कार्यकर्त्याचा अर्धा वेळ दोन महिने, १८,०००. छपाई आणि अपघात विमा ६,०००. एकूण ९४,४००. यातला कार्यकर्त्याचा वेळ संस्थेने द्यावा, बाकी खर्च महाविद्यालयाने उचलावा, आणि हे करारात आकड्यांसह लिहावं. त्याच करारात प्राध्यापकाच्या दोन भेटी तारखांसह असाव्यात, दुसऱ्या आठवड्यात एक आणि सहाव्यात एक. सहाव्या आठवड्यात दिशा बदलता येते, आठव्यात फक्त टाळ्या वाजवता येतात.

मुलांना एक गोष्ट आधी शिकवून पाठवावी: देणगीचा पैसा आणि धंद्याचा पैसा एक नसतो. ताळेबंदात ३० लाख शिल्लक दिसले की 'यातून खेळतं भांडवल वापरा' अशी शिफारस हमखास येते. ते पैसे एखाद्या शाळेच्या प्रकल्पासाठी बांधलेले असतात, दुसरीकडे वळवले तर देणगीदार, धर्मादाय कार्यालय आणि आयकर या तिन्ही ठिकाणी उत्तर द्यावं लागतं. डाळीचा व्यापार ट्रस्टमध्ये न ठेवता वेगळ्या उत्पादक कंपनीत का ठेवला, याचं कारणही बहुधा हेच.

कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी मिळवायचा तर नियम माहीत हवेत. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. १ एप्रिल २०२१ पासून संस्थेला सीएसआर-१ अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो. ज्या कंपनीची ही जबाबदारी सरासरी १० कोटी किंवा जास्त आहे, तिला १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं परिणाम मूल्यमापन स्वतंत्र यंत्रणेकडून करून घ्यावं लागतं. अशा मूल्यमापनासाठी व्यवस्थापन संस्थांना विचारणा होते. ज्या महाविद्यालयाने प्रकल्प आखायला मदत केली, त्यानेच त्याचं मूल्यमापन करू नये. पैसे मिळत असले तरी नाही म्हणावं.

परिणाम मोजताना

आधी किती आणि नंतर किती, एवढी तुलना कोरडवाहू भागात फसवते. एका वर्षी पाऊस बरा झाला की सगळ्यांचंच पीक वाढतं आणि प्रकल्प यशस्वी ठरतो. पुढच्या वर्षी भाव पडला की तोच प्रकल्प नापास. सोबत तुलनेची गावं हवीत. याचा धडा गडचिरोलीतच आहे. 'सर्च' या आरोग्य संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला तेव्हा ३९ गावांत सेवा दिली आणि ४७ गावांत फक्त मोजणी केली. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगाने मानला, कारण तुलना पक्की होती.

आठ आठवड्यांत एवढं होणार नाही, पण त्याची लहान आवृत्ती होते. त्याच महसूल मंडळातली, म्हणजे एकाच पर्जन्यमापकाखालची, तेवढ्याच कोरडवाहू जमिनीची दोन बिनसभासद गावं निवडावीत. एकच आकडा मोजावा, उदाहरणार्थ सोयाबीन विकल्यावर कटती (खरेदीदाराने केलेली कपात) जाता क्विंटलमागे प्रत्यक्ष हाती आलेले रुपये, आणि तो पावतीवरून घ्यावा. पहिल्या वर्षी सुरुवातीचा आकडा एका तुकडीने घ्यायचा, पुढच्या वर्षी दुसऱ्या तुकडीने तीच घरं मोजायची. म्हणून करार एका उन्हाळ्याचा न करता तीन वर्षांचा करावा.

जाताना

शेवटच्या आठवड्यात नवं काही शोधू नये, तो सोपवण्यासाठी ठेवावा. इंग्रजीतला साठ पानी अहवाल महाविद्यालयाला लागतो, त्यांनी तो लिहावा. संस्थेला मराठीत चार पानं आणि भिंतीवर लावता येईल असा एक तक्ता हवा. डाळीच्या बाबतीत तक्त्यात सात रकाने पुरतात: तारीख, आत गेलेली तूर, डाळ, चुनी, टरफल, मजुरी, विक्री. तो गटाच्या लिपिकेने मुलांसमोर, त्यांनी हात न लावता, दोन वेळा भरून दाखवावा. अडखळली तर तक्ता बदलायचा.

ऑनलाइन गोष्टींत हमखास एक चूक होते. ईमेल, फेसबुक पान, सरकारी पोर्टलवरची खाती मुलं स्वतःच्या मोबाइल नंबरावर उघडतात. सहा महिन्यांनी परवान्याचं नूतनीकरण येतं आणि ओटीपी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या फोनवर जातो, तोवर त्याने नंबर बदललेला असतो. संस्थेच्या नावावर एक सिम आणि एक ईमेल पहिल्याच दिवशी घ्यावा, पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवावेत. नेटवर्क नसताना न चालणारं ॲप बनवू नये.

निष्कर्ष आधी गटाच्या बैठकीत सांगावेत, महाविद्यालयातल्या सादरीकरणाआधी. बाया तिथल्या तिथे आकडे दुरुस्त करतात. 'चुनी पंचवीसने नाही जात, ढेपेचा भाव उतरला की अठराला पण मागतात', हे वाक्य तिथेच कानावर येतं आणि पूर्ण हिशेब पुन्हा मांडावा लागतो. त्यासाठी दोन दिवस हातात ठेवावेत. मग दिवाळीनंतर कोणीतरी एकाने, प्राध्यापकांनी किंवा पुढच्या तुकडीने, मिलवर एक चक्कर टाकावी आणि भिंतीवरचा तक्ता शेवटचा कोणत्या तारखेला भरला आहे ते पाहावं.